एका पगारातले घर आणि दोन पगारांतला हप्ता

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमचे वय ४२. पुण्यात तुम्ही आणि तुमच्या पत्नी, दोघेही नोकरी करता आणि दोघांचे मिळून महिन्याला १ लाख १० हजार रुपये हातात येतात. त्यातले ३८ हजार गृहकर्जाच्या हप्त्यात जातात, सुमारे ४० लाखांचे कर्ज अजून फिटायचे आहे आणि सोळा वर्षे बाकी आहेत. तुमचे वडील एस. टी. मध्ये वाहक होते. एका पगारात त्यांनी कऱ्हाडला जागा घेऊन घर बांधले, तीन मुलांना शिकवले, दोन मुलींची लग्ने केली. विषय निघाला की वडील म्हणतात, तुमची उधळपट्टी होते. पत्नी म्हणतात, तेव्हा स्वस्ताई होती. आणि आता वडिलांनीच कऱ्हाडचे घर विकून तुमचे कर्ज फेडण्याची तयारी दाखवली आहे. खरे कोणाचे, आणि हे पैसे घ्यावेत का, असे तुम्ही विचारले आहे.

मी चौतीस वर्षे एका राष्ट्रीयीकृत बँकेत होतो. त्यातली बरीच वर्षे कर्ज विभागात गेली, त्यामुळे लोकांची पगारपत्रके आणि त्यांची घरे यांचा हिशेब एकाच वेळी पाहण्याची सवय मला लागली. त्या अनुभवावरून मी आधी इतकेच सांगतो की तुमच्या घरातल्या दोन्ही बाजूंचे मूळ गृहीतक तपासून घ्यायला हवे.

‘स्वस्ताई’पासून सुरुवात करू. आमच्या बँकेत महागाई भत्ता अगदी अलीकडेपर्यंत औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकावर, तोही १९६० = १०० या पायावर, म्हणजे १९६० चे भाव शंभर धरून, मोजला जात असे. निर्देशांकाची नवी मालिका आली की तिला जुन्या मालिकेशी जोडण्यासाठी ४.९३, ४.६३ आणि २.८८ या गुणकांनी गुणावे लागे, आणि हे आकडे आम्हा सगळ्यांना पाढ्यांसारखे पाठ होते. त्या पायावर १९७५ चा निर्देशांक ३२० च्या आसपास होता, आणि २०२४ चा आकडा त्याच पायावर नेला तर तो सव्वानऊ हजारांच्या घरात जातो. म्हणजे या एकोणपन्नास वर्षांत रोजच्या संसाराच्या वस्तूंचे भाव सरासरी २९ पट झाले.

माझे वडील सातारा जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक होते आणि घरखर्चाची वही लिहीत. १९७५ च्या वहीत त्यांचा पगार भत्त्यासह ४१८ रुपये लिहिलेला आहे. त्याला २९ ने गुणले, तर आजचे साधारण बारा हजार रुपये होतात. त्या बारा हजारांत आम्ही सात माणसे जगत होतो. हा आकडा प्रथम काढला तेव्हा मी बराच वेळ वही मिटू शकलो नाही, कारण आमच्या आठवणीत ते दिवस गरिबीचे नव्हते; गावात मास्तरांचे घर खाऊन-पिऊन सुखी समजले जाई.

भाव कमी होते हे खरे. पण ज्या पगारातून ते द्यायचे तो त्याहून कमी होता. म्हणून मी रुपयांत तुलना करत नाही, कामाच्या दिवसांत करतो. वडिलांचा दिवसाचा पगार चौदा रुपये धरला, तर किलोभर शेंगदाणा तेलाच्या साडेआठ रुपयांसाठी त्यांचे अर्ध्या दिवसाहून अधिक काम खर्ची पडे. आज जिल्हा परिषदेच्या शाळेत नव्याने लागणाऱ्या शिक्षण सेवकाला पहिली तीन वर्षे १६ हजार रुपये मानधन मिळते. हा तर त्याच पेशातला सर्वांत कमी मोबदला, तरीही त्याला तेवढेच तेल एक तृतीयांश दिवसात मिळते आणि कायम शिक्षकाला दिवसाच्या साधारण नवव्या-दहाव्या हिश्श्यात. वडिलांनी सायकल घेतली २९० रुपयांना, म्हणजे जवळजवळ एकवीस दिवसांच्या पगारात. तीही दोन दिवाळ्या मागे ढकलून. टेरिकॉटचा शर्ट कापड आणि शिलाई धरून तीन दिवसांचा होता, आणि म्हणूनच तो लग्नकार्यापुरता ट्रंकेत राही. खाणे, कपडालत्ता, घड्याळ, पंखा, रेडिओ या साऱ्या वस्तू मागच्या पिढीसाठी आपल्यापेक्षा कितीतरी महाग होत्या, आणि तुमच्या पत्नींच्या म्हणण्यात चूक आहे ती इथे.

निर्देशांकाच्या पोटातही हे दिसते. याच निर्देशांकात खाद्यपदार्थांना १९८२ च्या मालिकेत ५७ टक्के वजन होते, म्हणजे कामगाराच्या शंभर रुपयांतले सत्तावन्न पोटात जात. २००१ च्या मालिकेत ते ४६ वर आले आणि २०१६ च्या मालिकेत ३९ वर. याउलट शिक्षण, औषधोपचार, प्रवास अशा खर्चांचा जो गट आहे, त्याचे वजन २००१ ते २०१६ या काळात २३ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर गेले. अन्न पूर्वीपेक्षा हलके झाले म्हणून पैसा सुटला, आणि सुटलेला पैसा या गटात आणि घराच्या हप्त्यात गेला.

आता जागेकडे येऊ, कारण तुमच्या घरातल्या वादाचे मूळ तिथेच आहे. तुम्ही लिहिले आहे की वडिलांनी १९८५ मध्ये दीड गुंठा जागा १५ हजारांना घेतली आणि तेव्हा त्यांचा पगार अकराशेच्या आसपास होता. म्हणजे साडेतेरा महिन्यांचा पगार. त्या भागात आज गुंठ्याला वीस लाख सांगतात, असेही तुम्ही लिहिले आहे. तेव्हा तीच जागा तीस लाखांची झाली. १९८५ पासून सर्वसाधारण भाव सुमारे पंधरा पट झाले. जागेचा भाव तेवढाच वाढला असता, तर ती आज सव्वादोन लाखांना मिळायला हवी होती. ती दोनशे पट झाली आहे. आज पंचवीस हजारांवर नव्याने लागणाऱ्या वाहकाला तुमच्या वडिलांची ती जागा घ्यायची, तर एकशेवीस महिन्यांचा, म्हणजे पूर्ण दहा वर्षांचा पगार द्यावा लागेल, आणि घर बांधण्याचा खर्च त्यानंतरचा. वडिलांची काटकसर मी मनापासून मानतो, पण तीच काटकसर आजच्या वाहकाने केली तरी ते घर उभे राहणार नाही. काटकसरीने तेल वाचते, कपडे वाचतात. जमिनीची दोनशे पट वाढ काटकसरीच्या आवाक्यातली नाही.

अर्थात १९८५ ची ती जागा आजची जागा नव्हती, हेही वडिलांच्या बाजूने सांगायला हवे. गावाबाहेरचे शेत पाडून केलेले भूखंड, ना रस्ता, ना नळ, ना दिवे. अशा जागी जाऊन राहण्याचे, पावसाळ्यात चिखलातून मुलांना शाळेत पोहोचवण्याचे आणि आठ-दहा वर्षे सार्वजनिक नळावरून पाणी भरण्याचे कष्ट ही त्या भूखंडाची दुसरी किंमत होती, आणि ती बहुतेक तुमच्या आईंनी भरली.

‘एका पगारात’ हा शब्द मला खटकतो तो यासाठीच. माझ्या वडिलांच्या वहीत ज्वारी विकत घेतल्याची नोंद वर्षातून दोनदा-तीनदाच सापडते, कारण शेतीच्या वाट्याची पोती आजोळाहून आणि काकांकडून येत. शेवया, कुरडया, पापड, लोणची, सांडगे यांपैकी काहीही दुकानातून येत नसे. जुन्या लुगड्यांच्या वाकळी होत, मोठ्याचा सदरा धाकट्याला होई, आणि हे सगळे शिवणारे हात आईचे होते. रॉकेलच्या आणि रेशनच्या रांगेत तिचे किंवा आम्हा मुलांचे तास जात. हा सारा दुसरा पगारच होता. फक्त तो वहीत जमेच्या बाजूला कधी लिहिला गेला नाही. तुमच्या घरात आज जो दुसरा पगार येतो, त्यातला बराच भाग या न लिहिलेल्या पगाराची जागा भरण्यात जातो: पाळणाघर, पोळ्या करायला येणाऱ्या बाई, तयार कपडे, बाहेरचे जेवण, ऑफिसात वेळेवर पोहोचण्यासाठी दुसरी गाडी. वडिलांना ही उधळपट्टी वाटते, कारण त्यांच्या संसारात याच गोष्टींसाठी पैसे मोजावे लागत नव्हते. त्यांच्याशी बोलताना हा हिशेब आईंसमोर मांडा. माझा अनुभव असा आहे की वडिलांना न पटलेली गोष्ट आई एका वाक्यात पटवून देते.

पगाराचेही असेच आहे. केंद्र सरकारच्या सर्वांत खालच्या कर्मचाऱ्याचे किमान मूळ वेतन तिसऱ्या वेतन आयोगानंतर, १९७३ मध्ये, १९६ रुपये ठरले आणि सातव्या आयोगानंतर, २०१६ मध्ये, १८ हजार. म्हणजे ब्याण्णव पट. त्याच काळात भाव साधारण सत्तावीस पट झाले. महागाई वजा केली, तरी या माणसाची क्रयशक्ती तिपटीहून अधिक वाढली. ही खरी प्रगती आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. पण ती वाट्याला आली कायम नोकरीत असलेल्यांच्या, आणि दरम्यान तशा नोकऱ्याच कमी होत गेल्या. शिपाई, सफाई, सुरक्षा ही कामे बऱ्याच कचेऱ्यांत कंत्राटदारामार्फत होऊ लागली. राज्य सरकारच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना राहिली नाही. वडिलांच्या पिढीतला कायम कर्मचारी कमी पगारात निश्चिंत होता, कारण म्हातारपणाची, आजारपणाची आणि नोकरी जाण्याची जोखीम बऱ्याच अंशी मालक किंवा सरकार उचलत होते. आज ती जोखीम तुमच्या पगारपत्रकात उतरली आहे. विम्याचे हप्ते आणि निवृत्तीसाठीची बचत या रूपाने तिची किंमत तुम्ही दर महिन्याला मोजता.

मुंबईच्या गिरणगावात मी काही काळ होतो, तिथे ही उतरंड एकाच घरात दिसे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्यांच्यातल्या कित्येकांचा फंड, पाळी, हजेरी, बोनस असा ठरलेला संसार त्यानंतर कधीच परत आला नाही. बाप कायम कामगार आणि मुलगा त्याच गिरणीच्या जमिनीवरच्या इमारतीत कंत्राटी पहारेकरी, अशी खाती मी स्वतः उघडली आहेत. मुलाच्या हातात मोबाइल होता, घरी रंगीत टीव्ही होता, बापाकडे यातले काही नव्हते; आणि तरीही कर्ज देताना मला बापाचा अर्ज अधिक भरवशाचा वाटला असता.

दुसऱ्या टोकाचेही पाहू. १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी रोजगार हमीच्या कामावर खडी फोडली आणि सुकडी व मिलो (बाहेरून आलेली लाल ज्वारी) खाऊन दिवस काढले, त्यांच्या नातवंडांसमोर ‘पूर्वी सगळे बरे होते’ असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. जमीन नसलेल्या, गावकुसाबाहेर ठेवलेल्या कुटुंबांसाठी पूर्वीचा काळ हा सुखाचा काळ नव्हताच. १९७१ साली देशात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी १२९ मुले वर्षाच्या आत दगावत. २०२० साली हा आकडा २८ झाला. माझ्या आजीला अकरा मुले झाली, त्यांतली सहा जगली. ती सणाच्या दिवशी नैवेद्याच्या पानाशेजारी आणखी एक लहानसे पान वाढी आणि ते कोणासाठी हे आम्हाला सांगत नसे. महागाईच्या कोणत्याही गुणकाने मला हा हिशेब जुळवता आलेला नाही.

शेतकरी कुटुंबांत तुलना आणखी वेगळी होते. ‘पूर्वी क्विंटलभर कापूस विकला की तोळाभर सोने येई’ हे विदर्भात घरोघरी ऐकायला मिळते, आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीच्या भावांत ते साधारण बसते. २०२४-२५ मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,५२१ रुपये होता आणि सोने त्याच्या दहापट. पण इथे एक सावधगिरी हवी. सोने या काळात सगळ्याच वस्तूंच्या पुढे धावले आहे. १९७५ मध्ये दहा ग्रॅमला ५४० च्या आसपास असलेला भाव २०२४ मध्ये ७५ हजारांवर गेला, म्हणजे सुमारे एकशेचाळीस पट. त्या फुटपट्टीने शिक्षकाचा, वाहकाचा किंवा बँकेतल्या कारकुनाचा पगारही घसरलेलाच दिसेल. शेतीच्या दुखण्याचे अधिक खरे माप मला जमिनीच्या आकारात दिसते: महाराष्ट्रात सरासरी वहितीधारण क्षेत्र, म्हणजे एका खातेदाराच्या वहिवाटीतली जमीन, १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होते, ते २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टर झाले. आजोबांची जमीन नातवापर्यंत येताना वाटण्यांत एवढी झाली, आणि आमच्या घरी येणारी ज्वारीची पोती बंद झाली ती त्याच काळात.

शिक्षणाविषयी थोडक्यात लिहितो, कारण ते तुम्हाला रोज दिसतेच आहे. तुम्ही आणि तुमच्या बहिणी नगरपालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकलात, आणि त्या शाळेत डॉक्टरांची, वकिलांची मुलेही तुमच्या बाकावर होती. १९८३ पासून राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली. त्यांमुळे जागा वाढल्या, गावोगावची मुले इंजिनिअर झाली आणि शिक्षण ही मुख्यतः कुटुंबाने मोजायची रक्कम झाली. पुढे तेच शाळेपर्यंत खाली आले. तीन मुलांच्या शिक्षणाला वडिलांचा जेवढा पगार लागला, त्याहून मोठा हिस्सा तुमच्या एका मुलीला लागतो, आणि यात तुमची हौस थोडी व परिस्थिती जास्त आहे.

बचतीवरच्या व्याजाबद्दलही एक गैरसमज आहे. १९८८ मध्ये किसान विकास पत्र आले तेव्हा साडेपाच वर्षांत पैसे दुप्पट होत, आणि सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीवर, म्हणजे पीपीएफवर, २००० सालच्या सुरुवातीपर्यंत बारा टक्के मिळत; आज ७.१ मिळतात. ज्येष्ठांना त्या दिवसांची फार आठवण येते. परंतु तेव्हा महागाईही बहुधा नऊ-दहा टक्क्यांच्या घरात असे, आणि १९७४ मध्ये तर ती पंचवीस टक्क्यांच्या वर गेली होती. ठेवीदाराच्या हाती उरत होते थोडेच. फायदा झाला तो कर्ज काढून जागा घेणाऱ्याचा. ठरावीक हप्ता पहिली तीन-चार वर्षे जड जाई आणि महागाई भत्ता वाढत गेला की पुढे तो किरकोळ वाटू लागे. तुमच्या वडिलांनी फंडातून उचल घेतली असेल किंवा कर्मचाऱ्यांच्या सहकारी बँकेचे कर्ज काढले असेल, तर १९९५ पर्यंत त्या हप्त्याचे त्यांना ओझे उरले नसणार. आज व्याजदर आणि महागाई दोन्ही खाली आहेत, खाजगी नोकरीत पगारवाढ बेभरवशाची आहे, त्यामुळे तुमचा हप्ता आपोआप हलका होण्याची गती मंद राहील.

आता तुमचा शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. वडिलांचे घर विकून तुमचे कर्ज फेडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एस. टी. च्या कर्मचाऱ्यांना सरकारी कर्मचाऱ्यांसारखे निवृत्तिवेतन नाही. त्यांना १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतून मिळते, त्यात महागाई भत्ता नाही, आणि २००८ च्या सुमारास निवृत्त झालेल्या वाहकाला ते सहसा महिन्याला काही हजारांच्या पुढे जात नाही. म्हणजे पगाराच्या काळात त्यांना जी निश्चिंती होती ती निवृत्तीनंतर त्यांच्याकडे उरलेली नाही, आणि तिची जागा त्या दीड गुंठ्याने घेतली आहे. पंचाहत्तरीतल्या वडिलांपुढे आणि त्यांच्याहून लहान असलेल्या आईंपुढे आणखी दहा-पंधरा वर्षे असू शकतात. मोठ्या आजारपणात उभे राहायला त्यांच्याकडे दुसरे काहीही नाही. शिवाय त्या घरात तुमच्या दोन्ही बहिणींचा हक्क येऊ शकतो, आणि भावाच्या कर्जासाठी आईवडिलांचे घर गेले ही गोष्ट कितीही प्रेमाच्या घरात दोन-तीन दिवाळ्यांच्या पलीकडे न बोलता राहत नाही.

तुमचा हप्ता उत्पन्नाच्या साधारण ३५ टक्के आहे. जड आहे, पण कर्ज मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याच्या नजरेने पाहिले तर बुडवणारा नाही. वर्षाकाठी एक जादा हप्ता मुद्दलात भरता आला, तर साडेआठ टक्क्यांच्या आसपासच्या दराने सोळा वर्षांतली दोन वर्षांहून अधिक कमी होतात. बोनसमधून एवढे जमते का, ते दोघांनी बसून पाहा. वडिलांना मदत करायचीच असेल, तर कऱ्हाडच्या घराची एक खोली भाड्याने देऊन येणारी रक्कम त्यांनी स्वतःच्या औषधपाण्यासाठी ठेवावी. तुमच्यावर येणारा तेवढा भार कमी होईल. आणि १९८५ चे खरेदीखत, जुनी पासबुके त्यांच्याकडून एकदा मागून घ्या. किती उसने घेतले होते, कोणाचे दागिने गहाण पडले होते, विहिरीच्या वाट्याचे पैसे कोणी दिले होते, हे त्यांनाच विचारा. या प्रश्नांची उत्तरे तुम्ही अजून ऐकलेली नाहीत, असे तुमच्या पत्रावरून दिसते.